टर्पेंटाइन, एमटीओ, हेक्झेन: पेट्रोलियम द्रावकांची नावे कशी वाचावीत

रंगाच्या दुकानात जाऊन एक लिटर टर्पेंटाइन मागितले की दुकानदार जो डबा पुढे करतो, त्यात बहुतेक वेळा टर्पेंटाइन नसते. खरे टर्पेंटाइन चीड जातीच्या वृक्षांच्या राळेचे ऊर्ध्वपातन करून काढतात. डब्यात असते ते मिनरल टर्पेंटाइन ऑइल, म्हणजे बाजाराच्या भाषेत एमटीओ, आणि ते खनिज तेलापासून तेलशुद्धीकरण कारखान्यात निघते. ऑइल पेंट पातळ करणे आणि ब्रश धुणे ही कामे दोन्हींनी होतात, म्हणून झाडाच्या तेलाचे नाव खनिज तेलाच्या द्रवालाही चिकटले. त्या नावावरून डब्यातला द्रव किती तापमानाला पेट घेऊ शकेल, त्याची वाफ किती त्रासदायक आहे किंवा त्यात कोणता रंग विरघळेल, यांपैकी काहीही कळत नाही.

पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्याच द्रावकांची हीच स्थिती आहे. ते सगळे पाण्यासारखे स्वच्छ दिसतात आणि बहुतेकांना थोडाफार रॉकेलसारखा वास असतो. त्यांना देशादेशांत आणि धंद्याधंद्यांत इतकी नावे आहेत की एका द्रवाला चार नावे आणि एका नावाचे चार द्रव, असे दोन्ही प्रकार घडतात. या लेखात ही नावे कुठून आली, त्यांपैकी कोणती काही उपयोगाची माहिती देतात आणि नावापलीकडे जाऊन द्रावक ओळखायचे असेल तर कोणते आकडे पाहावेत, हे सांगायचे आहे. माझ्या मते डब्यावरचे मोठ्या अक्षरांतले नाव हा सर्वांत कमी भरवशाचा भाग असतो आणि बारीक अक्षरांतले आकडे हा सर्वांत जास्त भरवशाचा.

मुळात अडचण अशी आहे की हे पदार्थ म्हणजे एकेक संयुग नव्हे. खनिज तेल हे हजारो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. शुद्धीकरण कारखान्यात ते तापवून उत्कलनबिंदूप्रमाणे त्याचे थर वेगळे केले जातात, आणि द्रावक म्हणजे अशा थरातून काढलेली एक अरुंद पट्टी असते. ही पट्टी कितीही अरुंद केली तरी तिच्यात शेकडो घटक उरतात. दहा कार्बन अणू असलेला, वलय नसलेला संपृक्त हायड्रोकार्बन घेतला तर त्याच्या कार्बन अणूंची मांडणी ७५ वेगवेगळ्या प्रकारे होऊ शकते. नऊ कार्बनांसाठी ही संख्या ३५ आहे आणि अकरा कार्बनांसाठी १५९. याशिवाय वलय असलेली नॅफ्थीन संयुगे आणि बेंझीनसारखे वलय असलेली अरोमॅटिक संयुगे वेगळीच. मीठ किंवा ॲसिटोन यांना जसे एक सूत्र आणि एक नाव देता येते, तसे एमटीओला देता येत नाही. सोमवारी निघालेली आणि शुक्रवारी निघालेली पट्टी यांच्या घटकांचे प्रमाणही कच्च्या तेलाप्रमाणे थोडे बदलते.

म्हणून नाव देण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे ती पट्टी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे सांगणे. भारतीय मानकात नेमके हेच केले आहे. पेट्रोलियम हायड्रोकार्बन द्रावकांसाठी आयएस १७४५ हे मानक आहे आणि त्यातल्या प्रतींना १४५/२०५, १२५/२४० अशी जोडअंकी नावे आहेत. पहिला आकडा म्हणजे साधारण ज्या तापमानाला द्रव उकळू लागतो तो आणि दुसरा म्हणजे ज्या तापमानापर्यंत तो संपतो तो, दोन्ही अंश सेल्सिअसमध्ये. एमटीओ सामान्यतः १४५/२०५ या पट्टीतले असते. या एका जोडीवरून बरेच काही काढता येते. नऊ कार्बनांचे सरळ साखळीचे नोनेन सुमारे १५१ अंशांना उकळते, दहा कार्बनांचे डेकेन १७४ अंशांना आणि अकरा कार्बनांचे अनडेकेन १९६ अंशांना. म्हणजे १४५/२०५ पट्टीत मुख्यतः नऊ ते अकरा कार्बनांची संयुगे असणार. बेंझीन ८० अंशांना उकळते, त्यामुळे नीट वेगळ्या काढलेल्या या पट्टीत त्याला फारशी जागाच नाही. टोल्युइन १११ अंशांना उकळते, तेही बाहेर राहते. मात्र १५२ ते १७६ अंशांच्या दरम्यान उकळणारी नऊ कार्बनांची अरोमॅटिक संयुगे या पट्टीच्या मधोमध बसतात. म्हणूनच मानकात १४५/२०५ च्या पुढे कमी अरोमॅटिक की जास्त अरोमॅटिक, हेही लिहावे लागते. फक्त उत्कलनाच्या आकड्यांवरून ते कळत नाही.

ही पट्टी मोजण्याची पद्धत साधी आहे. प्रयोगशाळेत १०० मिलिलिटर द्रव काचेच्या चंबूत घेऊन ठरावीक वेगाने तापवतात, वाफ थंड नळीतून नेऊन मोजपात्रात गोळा करतात आणि पहिला थेंब पडताना तापमापी काय दाखवते, ते लिहून ठेवतात. मग ५, १०, ५०, ९० मिलिलिटर गोळा होताना प्रत्येक वेळचे तापमान आणि शेवटी गाठलेले सर्वाधिक तापमान नोंदवतात. शुद्ध संयुग असेल तर हे आकडे जवळजवळ सारखेच राहतात, आणि द्रावक असेल तर ते हळूहळू चढत जातात. पहिला थेंब फार लवकर पडला तर त्यात काहीतरी हलके, बहुधा जास्त ज्वालाग्राही, मिसळले आहे असे समजावे. शेवटचा आकडा वर सरकला तर रॉकेल किंवा डिझेलसारखे जड काहीतरी आत आहे, आणि ते सुकायला वेळ लावणार.

जोडअंकी नावांची ही पद्धत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल. तिथे पेट्रोलियम ईथरच्या बाटलीवर ४०–६० किंवा ६०–८० असे लिहिलेले असते. हे नाव मात्र विद्यार्थ्यांची हमखास दिशाभूल करते. पेट्रोलियम ईथर हे ईथर नाही. त्यात ऑक्सिजनचा अणू नसतो. पेंटेन, हेक्झेन आणि त्यांच्या समघटकांचे (म्हणजे तेच अणू, पण वेगळ्या मांडणीच्या संयुगांचे) ते मिश्रण आहे, आणि अतिशय वेगाने उडून जाते एवढ्या साम्यावरून त्याला ते नाव पडले. खरे डायएथिल ईथर जुन्या, उघड्या बाटलीत हवेशी संयोग पावून स्फोटक पेरॉक्साइड बनवू शकते. पेट्रोलियम ईथरच्या बाबतीत तो धोका नसतो, पण ठिणगीने भडका उडण्याचा धोका दोन्हींत सारखाच भयंकर असतो. दोन बाटल्यांवर ईथर हा एकच शब्द असला तरी त्यांच्या साठवणुकीचे नियम त्यामुळे वेगळे आहेत.

याहून धोकादायक गोंधळ बेंझीन या शब्दाचा आहे. रसायनशास्त्रात बेंझीन म्हणजे सहा कार्बनांचे एक नेमके अरोमॅटिक संयुग, ज्याच्या दीर्घ संपर्काने रक्ताचा कर्करोग होतो हे निर्विवाद सिद्ध झाले आहे आणि ज्याला कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने पहिल्या गटात ठेवले आहे. युरोपातल्या जुन्या व्यापारी परंपरेत मात्र बेंझिन म्हणजे पेट्रोलसारखा हलका पेट्रोलियम द्रव. जर्मन भाषेत आजही पेट्रोलला तोच शब्द आहे आणि डाग काढण्याच्या नाफ्था नावाच्या हलक्या पेट्रोलियम द्रवालाही. इंग्रजीत या दोन शब्दांच्या वर्णलेखनात एका अक्षराचा फरक राहतो. मराठीत लिहिताना तर तोही नाहीसा होतो, कारण आपण दोन्ही बेंझीन किंवा बेंझिन असेच लिहितो. म्हणून परदेशी डब्यावर किंवा जुन्या पुस्तकात हा शब्द आला तर तो एक संयुग सांगतो आहे की एक मिश्रण, हे उत्कलनाच्या आकड्यावरून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकच आकडा ८० अंश असेल तर ते संयुग, आणि ६० ते १०० सारखी पट्टी असेल तर ते मिश्रण.

ब्रिटनमध्ये एमटीओच्या जवळपासच्या द्रवाला व्हाइट स्पिरिट म्हणतात, अमेरिकेत मिनरल स्पिरिट्स. दोन्ही नावांत स्पिरिट असले तरी अल्कोहोलशी त्यांचा संबंध नाही. अमेरिकेतलेच आणखी एक नाव स्टॉडर्ड सॉल्व्हंट, आणि त्यामागची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे, कारण ती नाव ठेवण्यामागचे खरे कारण दाखवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कपडे कोरडे धुणारे लोक पेट्रोलसारखे हलके द्रव वापरत आणि दुकानांना वारंवार आगी लागत. अटलांटा शहरातले ड्रायक्लीनर डब्ल्यू. जे. स्टॉडर्ड यांनी १९२०च्या दशकात कमी धोक्याच्या द्रवाचा आग्रह धरला, आणि १९२८ साली अमेरिकेत त्याचे व्यापारी मानक झाले. त्याची मुख्य अट होती की फ्लॅश पॉइंट १०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअसच्या खाली असता कामा नये. म्हणजे हे नाव सुरुवातीला एका माणसाचे असले तरी त्याचा अर्थ एका सुरक्षिततेच्या आकड्याशी बांधलेला होता. नाव असे आकड्याशी बांधलेले असेल तर ते उपयोगी पडते.

फ्लॅश पॉइंट म्हणजे द्रव ज्या किमान तापमानाला एवढी वाफ सोडतो की तिच्याजवळ ज्योत नेली तर क्षणभर भडका उडतो, ते तापमान. द्रव आपोआप पेट घेईल असे ते तापमान नव्हे, ही गल्लत नेहमी होते. हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली सुमारे २२ अंश आहे, टोल्युइनचा सुमारे ४ अंश, झायलिनचा २७ च्या आसपास आणि एमटीओचा साधारण ३५ ते ४०. आता स्टॉडर्ड यांचा ३८ हा आकडा विदर्भाच्या उन्हाळ्यात नेऊन पाहा. चंद्रपूर किंवा नागपुरात मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. थंड प्रदेशात बऱ्यापैकी सुरक्षित मानला जाणारा द्रव त्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये उघडा ठेवला, तर तो आधीच आपल्या फ्लॅश पॉइंटच्या वर असतो, आणि वेल्डिंगची एक ठिणगी पुरेशी ठरते. या सर्व द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाऊन दूरच्या शेगडीपर्यंत पोहोचते आणि तिथून ज्योत उलटी मूळ भांड्यापर्यंत येऊ शकते.

आपल्याकडचा कायदाही याच आकड्यावर उभा आहे. पेट्रोलियम नियम २००२ नुसार २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेले द्रव वर्ग अ मध्ये, २३ पासून ६५ पर्यंतचे वर्ग ब मध्ये आणि ६५ पासून ९३ पर्यंतचे वर्ग क मध्ये मोडतात. हेक्झेन आणि टोल्युइन वर्ग अ, तर एमटीओ आणि रॉकेल वर्ग ब. किती साठा परवान्याशिवाय ठेवता येतो, हे वर्गावर अवलंबून असते. या नियमांची अंमलबजावणी करणारी पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना नागपुरातून चालते. व्यापारी नाव काहीही असो, तिच्या दृष्टीने पहिला प्रश्न फ्लॅश पॉइंट किती, हाच असतो.

बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या काही व्यापारी नावांतही हा आकडा लपलेला आहे. अरोमॅटिक वलये काढून टाकलेल्या, म्हणजे डी-ॲरोमॅटाइज्ड द्रावकांना डी ४०, डी ६०, डी ८० अशी नावे असतात, आणि त्यांतला आकडा ढोबळमानाने फ्लॅश पॉइंट सेल्सिअसमध्ये सांगतो. अरोमॅटिक द्रावकांच्या मालिकेत सॉल्व्हेसो १००, १५०, २०० अशी नावे दिसतात, आणि तिथला आकडा फ्लॅश पॉइंटच्या फॅरनहाइट अंशांशी ढोबळ जुळतो. म्हणजे डी ४० आणि सॉल्व्हेसो १०० हे आकड्यांवरून एकमेकांपासून फार लांब वाटतात, पण दोघांचाही फ्लॅश पॉइंट ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे आणि दोघेही साधारण १६० अंशांच्या जवळ उकळू लागतात. आपल्या रंग आणि कीटकनाशक उद्योगात या दुसऱ्या प्रकारच्या द्रावकाला सी-नाइन म्हणतात.

तरीही हे दोन द्रव एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, आणि ते का हे समजण्यासाठी कौरी-ब्युटेनॉल नावाची चाचणी पाहण्यासारखी आहे. न्यूझीलंडमधल्या कौरी वृक्षाचा डिंक ब्युटेनॉलमध्ये विरघळवून एक प्रमाण द्रावण तयार करतात. त्यातले २० ग्रॅम द्रावण चंबूत घेऊन चंबू छापील मजकुराच्या कागदावर ठेवतात आणि २५ अंश तापमान राखून ब्युरेटमधून द्रावक थेंबाथेंबाने सोडतात. सुरुवातीला चंबूतून खालची अक्षरे स्पष्ट दिसतात. द्रावक वाढत जाते तसा डिंक द्रावणाबाहेर पडू लागतो, द्रव गढूळ होतो आणि एका क्षणी अक्षरे पुसट होऊन वाचता येईनाशी होतात. तोपर्यंत लागलेले मिलिलिटर म्हणजे त्या द्रावकाचा कौरी-ब्युटेनॉल अंक. ज्या द्रावकाची विरघळवण्याची ताकद जास्त, ते जास्त पडले तरी डिंक धरून ठेवते. प्रमाण म्हणून घेतलेल्या टोल्युइनचा अंक १०५ आहे. डी ४० चा अंक तिशीच्या आसपास येतो आणि सी-नाइनचा नव्वदीच्या आसपास. एपॉक्सी किंवा कठीण राळेचा रंग सी-नाइनमध्ये सहज मिसळतो, तोच डी ४० मध्ये दह्यासारखा फुटतो. उलट, बंद खोलीत फर्निचर पुसायचे असेल तर सौम्य वासाचे आणि अरोमॅटिक अंश जवळजवळ नसलेले डी ४० बरे.

या दोघांना वेगळे ओळखण्यासाठी एवढी चाचणीही लागत नाही. साधा हायड्रोमीटर पुरतो. डी ४० ची घनता सुमारे ०.७७ असते आणि सी-नाइनची ०.८७ च्या वर, कारण त्याच तापमानाला उकळणारे अरोमॅटिक संयुग सरळ साखळीच्या संयुगापेक्षा जड असते. खरे टर्पेंटाइन ०.८६ च्या आसपास आणि एमटीओ साधारण ०.७७ ते ०.७९. अर्थात घनता एकटी पाहून निष्कर्ष काढू नये, कारण झायलिनही ०.८६ च्याच जवळ असते. घनता आणि उत्कलनाची पट्टी दोन्ही एकत्र पाहिल्या की बहुतेक गोंधळ मिटतात.

आता कागदपत्रांवरच्या क्रमांकाकडे वळू. प्रत्येक रसायनाला असणारा सीएएस क्रमांक हा नेमका आणि जागतिक मानला जातो, आणि शुद्ध संयुगांच्या बाबतीत तो तसा असतोही. बेंझीनचा क्रमांक ७१-४३-२. त्यातला शेवटचा अंक तपासणीसाठी असतो. तो सोडून उरलेल्या अंकांना उजवीकडून १, २, ३, ४ ने गुणून बेरीज केली, तर ३ अधिक ८ अधिक ३ अधिक २८ म्हणजे ४२ येतात, आणि शेवटचा अंक २ जुळतो. फोटोकॉपीत एखादा अंक चुकला असेल तर या साध्या हिशेबातून तो बहुधा सापडतो.

पेट्रोलियम द्रावकांच्या बाबतीत मात्र हा क्रमांक तितका नेमका राहत नाही. अमेरिकेत १९७६ साली विषारी पदार्थांच्या नियंत्रणाचा कायदा झाला आणि बाजारातल्या सर्व रसायनांची यादी करण्याची वेळ आली, तेव्हा शुद्धीकरण कारखान्यातल्या प्रवाहांना ६४७४१ आणि ६४७४२ ने सुरू होणारे क्रमांक मिळाले. त्यांची वर्णने कारखान्यातल्या प्रक्रियेवर बेतलेली आहेत. उदाहरणार्थ, ६४७४२-४८-९ म्हणजे हायड्रोजनने प्रक्रिया केलेला जड नाफ्था. त्याचे वर्णन सांगते की त्यात मुख्यतः ६ ते १३ कार्बनांची संयुगे असतात आणि तो सुमारे ६५ ते २३० अंशांच्या दरम्यान उकळतो. एवढ्या रुंद पट्टीत हेक्झेनजवळचा द्रवही बसतो आणि रॉकेलजवळचाही. दोन डब्यांवर हा एकच क्रमांक असला तरी एकाचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली आणि दुसऱ्याचा साठच्या वर असू शकतो. असा क्रमांक पिन कोडसारखा आहे, त्यावरून परिसर कळतो, घर कळत नाही.

याच कारणाने युरोपात एक विचित्र परिस्थिती उद्भवली. नाफ्था गटातल्या अनेक क्रमांकांवर तिथे कर्करोगकारक असा शिक्का मुळातच आहे, पण बेंझीन वजनाने ०.१ टक्क्याहून कमी असल्याचे उत्पादकाने दाखवले तर तो लावावा लागत नाही. म्हणजे एकाच क्रमांकाचा एक डबा कर्करोगकारक आणि दुसरा नाही. खरेदी विभागातला माणूस केवळ क्रमांक जुळवून पर्याय शोधत असेल तर त्याला हा फरक दिसणारच नाही. मला हा या विषयातला सर्वांत गंभीर दोष वाटतो.

युरोपात २००७ पासून रीच ही रसायनांच्या नोंदणीची नियमावली लागू झाली आणि द्रावक उत्पादकांनी नोंदणीच्या निमित्ताने नावांची नवी पद्धत तयार केली. तिच्यात नाव हेच वर्णन असते. एक उदाहरण घेऊ: हायड्रोकार्बन, सी ९ ते सी ११, एन-अल्केन, आयसो-अल्केन, सायक्लिक, २ टक्क्यांहून कमी अरोमॅटिक. या द्रवाला ९१९-८५७-५ असा युरोपीय क्रमांक आहे. नाव लांबलचक आहे, दुकानात कोणी ते उच्चारणार नाही, पण त्यातला प्रत्येक शब्द काम करतो. सी ९ ते सी ११ वरून उत्कलनाची पट्टी कळते. एन-अल्केन म्हणजे सरळ साखळ्या, आयसो-अल्केन म्हणजे फांद्या फुटलेल्या साखळ्या, सायक्लिक म्हणजे संपृक्त वलये, हे तिन्ही त्यात आहेत. शेवटचा भाग सांगतो की अरोमॅटिक अंश जवळजवळ काढून टाकला आहे. आपल्याकडच्या कारखान्यांत आयात केलेल्या द्रावकांच्या सुरक्षा माहितीपत्रकांवर हे नाव आणि जुना सीएएस क्रमांक दोन्ही दिसतात. दोन्ही असतील तर विश्वास लांब नावावर ठेवावा.

हेक्झेन या नावाबद्दल स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण ते आपल्या जेवणापर्यंत पोहोचते. लातूरसारख्या सोयाबीनच्या पट्ट्यातल्या सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन कारखान्यांत सोयाबीनच्या पोह्यांतून तेल काढण्यासाठी हेक्झेन वापरतात. ते फूड ग्रेड असावे लागते, त्यासाठी आयएस ३४७० हे वेगळे मानक आहे, आणि तेलातून ते उडवून परत गोळा केले जाते. शुद्ध केलेल्या तेलात उरलेले हेक्झेन दशलक्ष भागांत ५ भागांहून जास्त असू नये, अशी अन्नसुरक्षा नियमांची मर्यादा आहे. या धंद्यात हेक्झेन म्हणतात तेव्हा ते ६५ अंशांच्या आसपास उकळणारे मिश्रण असते. त्यात एन-हेक्झेन हा मुख्य घटक, पण त्याच्याबरोबर ६० ते ७२ अंशांच्या दरम्यान उकळणारी मिथाइलपेंटेन आणि मिथाइलसायक्लोपेंटेन ही संयुगेही असतात.

हा भेद प्रकृतीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. सरळ साखळीचे एन-हेक्झेन शरीरात गेल्यावर त्यापासून २,५-हेक्झेनडायोन तयार होते आणि ते हातापायांच्या नसांना इजा करते. बोटांना मुंग्या येतात, पायांतली ताकद जाते, चालणे कठीण होते. फांद्या असलेल्या समघटकांपासून हा पदार्थ तयार होत नाही. चीनमधल्या सुचौ शहरात २००९ च्या सुमारास टचस्क्रीन पुसण्यासाठी, लवकर सुकते म्हणून, अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन वापरले गेले आणि १३७ कामगारांना त्याची बाधा झाली. चपला-बुटांच्या चिकटवणीत किंवा बंद खोलीतल्या सफाईच्या कामात हेक्झेन वापरले जात असेल, तर माहितीपत्रकात एन-हेक्झेनचे प्रमाण वेगळे दिले आहे का, हे पाहणे मालकाचे कर्तव्य आहे आणि विचारणे कामगाराचा हक्क.

द्रावक ओळखण्याचा प्रश्न पोलीस आणि पुरवठा खात्यापुढेही येतो, कारण स्वस्त द्रावक पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा जुना आहे. तो रोखण्यासाठी केंद्र सरकारने २००० साली सॉल्व्हंट, रॅफिनेट आणि स्लॉप (शेवटचे दोन म्हणजे शुद्धीकरण कारखान्यात उरणारे द्रव) यांची विक्री, साठवण आणि वाहनांतला वापर यांवर निर्बंध घालणारा आदेश काढला. रेशनच्या रॉकेलात निळा रंग मिसळला जातो तोही ओळख पटावी म्हणूनच. या भेसळीमागे किती मोठा पैसा आणि किती क्रौर्य आहे, हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले, जेव्हा मनमाडजवळ भेसळीचा प्रकार पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. पेट्रोल पंपावर ग्राहकाला गाळणकागदाची चाचणी मागता येते: कागदावर टाकलेला पेट्रोलचा थेंब साधारण दोन मिनिटांत डाग न सोडता उडून गेला पाहिजे. जड द्रव मिसळला असेल तर डाग राहतो. हलके द्रावक मिसळले असेल तर मात्र ही चाचणी फसते, आणि तेव्हा प्रयोगशाळेत वायू वर्णलेखन (गॅस क्रोमॅटोग्राफी) ही घटक वेगळे करणारी चाचणी करून घटकांचा आलेख काढावा लागतो. त्या आलेखावर प्रत्येक घटकाचे शिखर वेगळे दिसते आणि मिश्रणाची ओळख पटते.

रस्त्यावरच्या टँकरवरही ओळखीची पाटी असते. लाल चौकटीत ज्योतीचे चिन्ह आणि खाली ३ हा आकडा म्हणजे ज्वालाग्राही द्रव. चार अंकी संयुक्त राष्ट्र क्रमांक द्रवाचा गट सांगतो: १२०८ म्हणजे हेक्झेन, १२२३ म्हणजे रॉकेल, १२९९ म्हणजे खरे टर्पेंटाइन, आणि १३०० म्हणजे टर्पेंटाइनचा पर्याय, अर्थात एमटीओच्या जातीचा द्रव. अपघात झाल्यावर अग्निशमन दलाला फोन करताना हे चार अंक सांगितले तर त्यांना योग्य फेस आणि योग्य अंतर ठरवता येते.

घरी किंवा छोट्या कारखान्यात द्रावक विकत घेताना विक्रेत्याकडून सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावे. त्याच्या तिसऱ्या विभागात घटक असतात, तिथे बेंझीन, एन-हेक्झेन आणि अरोमॅटिकचे प्रमाण पाहावे. नवव्या विभागात उत्कलनाची पट्टी, फ्लॅश पॉइंट आणि घनता असतात. दुसऱ्या विभागात एच ३०४ हे संकेतवाक्य बहुतेक वेळा सापडेल. त्याचा अर्थ असा की हा द्रव गिळला जाऊन श्वासमार्गात शिरला तर जीव जाऊ शकतो. हे द्रव खूप पातळ असतात, घशातून सहज फुप्फुसांत उतरतात आणि तिथे तीव्र दाह करतात. म्हणून कोणी चुकून प्यायले तर उलटी करवू नये, कारण वर येताना तोच द्रव पुन्हा श्वासनलिकेत जातो.

आपल्याकडे हे अपघात लहान मुलांना जास्त होतात, आणि त्यामागे बहुधा शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेले रॉकेल किंवा एमटीओ असते. सुट्या बाटलीत द्रावक घेऊच नये. घेणे भागच पडले तर त्याच दिवशी त्यावर नाव, पट्टीचे आकडे आणि तारीख लिहून ती मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. लेबल गळून पडलेला डबा वास घेऊन किंवा काडी लावून ओळखण्याचा प्रयत्न करू नये, तो वर्ग अ चा आहे असे धरूनच हाताळावा. आणि कोणाच्या पोटात द्रावक गेलेच, तर रुग्णालयात जाताना मूळ डबा बरोबर न्यावा, कारण थिनर प्यायला एवढे सांगून डॉक्टरांना फारसे कळत नाही. डब्यावरच्या बारीक अक्षरांतून त्यात टोल्युइन होते, मिथेनॉल होते की नुसते एमटीओ, हे त्यांना लगेच समजते आणि उपचार त्यावर ठरतात.